परीचे रिकामे घर

टीकाकाराने कादंबरीवर लिहावे, नाटकावर लिहावे, फार झाले तर चित्रपटावर लिहावे. झाडाच्या बुंध्याला टेकवलेल्या वीतभर दारावर लिहू नये, असा एक अलिखित संकेत आपल्याकडे आहे. या अंकाच्या संपादकांनी ‘यंदा टीकालेखच द्या, पण घरातल्या सगळ्यांना वाचता येईल असा द्या’ असे कळवले, तेव्हा त्यांच्या मनात एखादी गाजलेली कादंबरी असावी. मला मात्र गेले वर्षभर त्या वीतभर दारांनीच पछाडले आहे. तेव्हा वाचकांनी फराळाची बशी जवळ ओढून घ्यावी आणि माझ्याबरोबर परमुलखातल्या दोन-चार बागांतून फेरफटका मारायला यावे. शेवटी आपण आपल्याच अंगणात परत येणार आहोत.

झाले ते असे. माझी एक जुनी विद्यार्थिनी नवऱ्याच्या नोकरीपायी अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन नावाच्या राज्यात राहते. तिने आपल्या सहा वर्षांच्या मुलीचे एक छायाचित्र पाठवले. मुलगी झाडाखाली फतकल मारून बसली आहे, फ्रॉकला चिखल लागला आहे आणि पुढ्यात चार काटक्या, एक शिंपला आणि पाइनचे वाळके बोंड मांडले आहे. सोबत एवढेच लिहिले होते : ‘बाई, ही परीचे घर बांधते आहे. मला आपल्या किल्ल्याची आठवण झाली.’

परीचे घर आणि आपला दिवाळीतला किल्ला! तुलना पहिल्यांदा गोड वाटली, मग खटकली, आणि मग खटकते का हे शोधण्यात माझे महिने गेले.

त्या मुलीची जागा आधी पाहू. पोर्टलंड शहराजवळ, फाल्मथ गावाला लागून मॅकवर्थ नावाचे एक चिमुकले बेट आहे. ते मेनचे एकेकाळचे गव्हर्नर पर्सिव्हल बॅक्स्टर यांच्या घराण्याचे. पुढे त्यांनी ते राज्याला देऊन टाकले. १९५७ साली तेथे कर्णबधिर मुलांची शाळा आली. बॅक्स्टरसाहेबांनी आपले लाडके कुत्रे आणि एक घोडा जेथे पुरले, ती दगडी कुंपणाची जागाही याच बेटावर आहे. म्हणजे परी येण्याच्या आधीच बेटाला बऱ्यापैकी कथा चिकटलेल्या आहेत. किनाऱ्याकिनाऱ्याने बेटाला वळसा घालणारी पायवाट सुमारे दोन किलोमीटरची. त्या वाटेवर झाडीत एके ठिकाणी, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बांधलेली परीघरांची वस्ती आहे. ती एकाने बांधलेली नाही आणि कोणाच्या नावाची नाही. कोणीतरी एका खोडाला काटक्यांचा आडोसा करतो, दुसरा त्यावर सालीचे छप्पर घालतो, तिसऱ्या दिवशी पाऊस येतो आणि छप्पर खाली बसते. चौथ्या दिवशी नवे पोर येऊन त्याच पडझडीतून अंगण काढते.

या वस्तीचे नियम मला फार आवडले. घर लहान असावे आणि दडलेले असावे. सामान निसर्गातले असावे : काटक्या, साल, गारगोट्या, शिंपले, पिसे. जिवंत झाडाला हात लावू नये, बाहेरून कृत्रिम वस्तू आणू नयेत. याच राज्याच्या किनाऱ्यापासून सुमारे सोळा किलोमीटर आत समुद्रात मोनहेगन बेट आहे. तेथल्या रानातही अशी घरे बांधण्याची जुनी चाल आहे. ते रान राखण्यासाठी थॉमस एडिसनच्या मुलाने, थिओडोर एडिसनने, १९५४ मध्ये एक संस्था उभी केली. परीच्या नावाखाली जिवंत शेवाळ आणि नेचे उपटू नयेत, असा तेथेही दंडक आहे. आपल्याकडे देवराईतली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही म्हणतात. तिकडे वाळकी काटकी चालते, हिरवी चालत नाही. पण रानात हात आखडता घ्यायला लावणारी भावना दोन्हीकडे ओळखीची आहे.

वरचे नियम पर्यावरणाचे म्हणून वाचले तर ते वनखात्याच्या पाटीवर शोभतील. मी ते वाङ्मयाचे नियम म्हणून वाचले. घर लहान असावे आणि दडलेले असावे, म्हणजे वाचकाला वाकावे लागले पाहिजे. सामान तेथलेच असावे, म्हणजे उपमा उसन्या नकोत. आणि सर्वांत मोठा नियम कोणीच लिहून ठेवलेला नाही, तरी पाळला मात्र सगळेच जातात : घरात परी ठेवायची नाही. बाहुली नाही, चित्र नाही, पुतळी नाही. घर पाहणाऱ्याने दारातून डोकावावे आणि आत कोणी नसावे. कथा नायिकेविना उभी आहे, आणि ती नायिका कशी आहे, आत्ता कोठे गेली आहे, परत केव्हा येईल, हे डोकावणाऱ्याने भरायचे आहे. आमच्या व्यवसायात ही गोष्ट साधणारे लेखक फार थोडे. बहुतेक आम्ही नायिकेच्या नाकापासून पदरापर्यंत सगळे सांगून मोकळे होतो.

येथे एका शब्दाचा झगडा मिटवून घेतला पाहिजे. ‘परी’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. आपली परी उंच, देखणी, पंखवाली. तिचे वास्तव्य महालात, बागेत, राजपुत्राच्या स्वप्नात. इंग्रजी भाषेतली ती चिमुकली मंडळी वेगळी. ती मुळांशी, बिळांत, टेकाडांखाली राहते. तिला परी म्हणणे म्हणजे मुंगीला हत्तीण म्हणण्यासारखे आहे, पण दुसरा शब्द नाही म्हणून आपण तोच चालवतो.

आपल्याकडे झाडांना भाडेकरू नाहीत असे मात्र नाही. पिंपळावर मुंजा असतो, चिंचेखाली हडळ असते, कोकणात रानाला राखणदार असतो. पण मुंजासाठी पिंपळाच्या बुंध्याला छोटेसे रंगीत दार बसवण्याची कल्पना कोणाला सुचेल? दार बसवले आणि तो खरेच बाहेर आला तर! लहानपणी आमच्या आळीत संध्याकाळी त्या बाजूने जायची वेळ आली की आम्ही मुली एकमेकींचे हात धरून, मोठ्याने पाढे म्हणत पळत असू.

गंमत अशी की त्यांच्याकडची ही चिमुकली मंडळीही पूर्वी मुंजाच्याच जातीची होती. पाळण्यातले मूल पळवून त्या जागी आपले किरकिरे मूल ठेवणारी, गायीचे दूध आटवणारी. आयर्लंडात तो धाक अजून पुरता गेलेला नाही. १९९९ साली क्लेअर परगण्यात लाटून येथे नवा मोठा रस्ता होणार होता आणि त्याच्या आखणीत एक एकटे काटेरी झुडूप येत होते. एडी लेनिहान नावाच्या कथेकऱ्याने वर्तमानपत्रांतून ओरड केली, की हे झुडूप त्यांच्या भेटण्याची जागा आहे, ते तोडले तर रस्त्यावर अनर्थ होईल. रस्ता झाला, झुडूप राहिले. विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीची ही गोष्ट आहे.

ज्या परीपुढे इंजिनिअर वळसा घेतो ती एक, आणि जिच्या दाराला आपण गुलाबी रंग देऊन वर फुलांची कमान काढतो ती दुसरी. या दोघींच्या मध्ये काय घडले? चित्रांची पुस्तके घडली. एकोणिसाव्या शतकात परी बालवाङ्मयात आली आणि पुस्तकाच्या पानावर मावेल एवढी झाली. भीती गेली, पंख आले. लंडनमधल्या केन्सिंग्टन गार्डन्स या बागेला तर जे. एम. बॅरीने परीस्थानच करून टाकले. त्याचा पीटर पॅन १९०२ सालच्या एका कादंबरीत प्रथम आला. त्यातलीच प्रकरणे १९०६ मध्ये ऑर्थर रॅकहॅमच्या चित्रांसह वेगळ्या पुस्तकात निघाली. १९१२ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेला पहाटे फिरायला आलेल्या मुलांना बागेत पीटरचा पुतळा उभा दिसला. आदल्या सायंकाळी तेथे काही नव्हते. बॅरीने तो रातोरात बसवून घेतला होता. प्रकाशन समारंभ नाही, अध्यक्षीय भाषण नाही, हारतुरे नाहीत. पुतळा कसाही असो, तो ज्या रीतीने प्रगट झाला ती रीत मला पुतळ्याहून मोठी कलाकृती वाटते.

त्याच बागेत आणखी एक वस्तू आहे, आणि माझा खरा वाद तिच्याशी आहे. रिचमंड पार्कमधला शेकडो वर्षांचा एक पोकळ ओक वृक्षाचा ओंडका तेथे आणून उभा केला गेला आणि आयव्हर इन्स या कलावंताने १९२८ ते १९३० या काळात त्यावर परी, बुटके, चेटकिणी, पशुपक्षी कोरले आणि रंगवले. खोडाच्या मूळच्या गाठी आणि भेगा यांतूनच त्याने आकृती काढल्या, हे त्याचे मोठे कसब. आज त्याला जुन्या वास्तूसारखे सरकारी संरक्षण आहे आणि भोवती लोखंडी पिंजरा आहे. मधल्या काळात तो झिजला, किडला, तेव्हा १९६४ ते १९६६ या काळात त्याची डागडुजी करवून घेण्यात पुढाकार घेतला तो स्पाइक मिलिगन या विख्यात विनोदी नटाने. हा मिलिगन जन्माने नगरचा! १९१८ साली अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, त्याचा जन्म झाला. वडील लष्करात होते आणि त्याच्या बालपणाची काही वर्षे पुण्यात गेली. लंडनच्या परीवृक्षाला हात लावणारा माणूस आपल्या मातीत रांगलेला होता, हे वाचून माझा विरोध क्षणभर मवाळ झाला.

पण क्षणभरच. या वृक्षाची छायाचित्रे पुन्हा पुन्हा पाहताना मला जाणवते ती गर्दी. प्रत्येक खोबणीत कोणीतरी बसले आहे, प्रत्येक भेगेतून कोणीतरी चढते आहे. एकही जागा रिकामी नाही. मूल पिंजऱ्याभोवती फिरते आणि मोजते : हा एक, तो दुसरा, ती चेटकीण. मोजून झाले की संपले. कलावंताने आपले काम इतके पुरे केले आहे की पाहणाऱ्याला करायला काही ठेवलेलेच नाही. आमच्याकडच्या काही सजवलेल्या कादंबऱ्या वाचताना असेच होते. प्रत्येक पानावर सौंदर्य, आणि वाचकाला टेकायला भिंत नाही.

मेलबर्नच्या फिट्झरॉय गार्डन्समध्ये ओला कोन या शिल्पकार बाईने १९३१ ते १९३४ या काळात असेच एक जुने खोड कोरले आणि शहरातल्या मुलांना अर्पण केले. त्यावर पऱ्यांबरोबर त्या भूमीतले प्राणी आहेत, म्हणून मला ते लंडनच्या झाडापेक्षा जवळचे वाटते. पुढे १९७७ मध्ये ते टिकवण्यासाठी जमिनीतून काढून त्याची साफसफाई केली गेली, तेव्हा आत पॉसम नावाचा, आपल्या मांजराएवढा, झाडावर राहणारा एक प्राणी वाळून गेलेला सापडला. बाहेर कोरलेली सारी वस्ती मुले पाहत होती, आणि जो खरा भाडेकरू आत होता त्याची कोणाला गंधवार्ता नव्हती! या घटनेला मी काही अर्थ चिकटवीत नाही. पण लेखिका असते तर तेथूनच कथा सुरू केली असती. (लेखिका आहेच, पण यंदा टीकाकाराचे पागोटे घातले आहे.)

परी दाखवण्याच्या हौसेचे टोक म्हणजे कॉटिंग्लीचे प्रकरण. १९१७ साली यॉर्कशायरमधल्या या खेड्यात सोळा आणि नऊ वर्षांच्या दोन मावसबहिणींनी ओढ्याकाठी पऱ्यांची छायाचित्रे काढली. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल त्यांवर इतका भाळला की १९२० च्या डिसेंबरात त्याने त्यांवर लेख लिहिला आणि १९२२ मध्ये अख्खे पुस्तक काढले. पुठ्ठ्यावरची कापलेली चित्रे टोपीच्या टाचण्यांनी उभी केली होती, ही कबुली त्या दोघींनी १९८३ मध्ये दिली. तोवर त्या आज्या झाल्या होत्या. यात फसवणूक पोरींची म्हणावी की पुराव्याशिवाय ज्याला करमेना त्या थोर मोठ्या माणसाची? मुलींचा खेळ होता. साक्षीपुरावा मागितला तो मोठ्यांनी, आणि मग पोरींना आयुष्यभर तो खेळ निभवावा लागला.

आता कॅन्सस राज्यातली गोष्ट. ओव्हरलंड पार्क या गावात ओढ्याकाठी फिरायची वाट आहे. २०१३ साली त्या वाटेवरच्या झाडांच्या ढोल्यांना एकाएकी छोटी दारे दिसू लागली. दार उघडावे तर आत पलंग, टेबल, जिना, सगळे अंगठ्याएवढे. कोण करते, कोणाला ठाऊक नाही. लोक मुलांना घेऊन येऊ लागले, दारांत चिठ्ठ्या ठेवू लागले. शेरन लीझी या दिग्दर्शिकेने यावर ‘द नोमिस्ट’ नावाचा एक लहानसा बोलपट २०१५ मध्ये काढला. तो मी पाहिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिला.

करणारी निघाली एक आई. आपल्या मुलांना घेऊन नव्या गावी आलेली, स्वतःच्या पडत्या काळात सापडलेली. ती घरी ही दारे आणि सामान घडवायची आणि कोणी नसेल त्या वेळी मुलांना सोबत घेऊन नेऊन बसवायची. त्या वाटेवर येणाऱ्यांत एक जोडपे असे होते की त्यांची तीन वर्षांची लेक मेंदूतल्या गाठीने गेली होती. त्या आईला ती घरे सापडली, आणि तिला तेथे काय मिळाले ते तिच्या तोंडूनच ऐकावे. मी त्याचा सारांश करून ते स्वस्त करणार नाही. एवढेच म्हणते, की त्या ढोलीत जर एखादी हसरी प्लास्टिकची परी बसलेली असती, तर त्या आईला तेथे आपले मूल ठेवायला जागा उरली नसती.

बोलपटाविषयी माझी एक तक्रार आहे. करणारीचा चेहरा तो आपल्याला दाखवतो. त्याशिवाय बोलपट होत नाही, हे मला कळते. त्या बाईच्या धडपडीला न्याय मिळाला, हेही मान्य. तरीही तिचा चेहरा दिसल्याबरोबर दारे जरा लहान झाली, असे मला वाटले. गोष्ट परीची होती ती एका कर्तबगार स्त्रीची झाली. ही दुसरी गोष्ट चांगली आहे, खरी आहे. पण वाटेवरच्या मुलांनी ऐकायची ती नव्हे.

पुढे ती घरे त्या ढोल्यांत राहिली नाहीत. सार्वजनिक जागेत कोणी काय लावावे याला नियम असतात, आणि गर्दी झाली की नियम जागे होतात. मला येथे नुसता सरकारी कारभारावर राग काढता येत नाही, याला कारण इंग्लंडातले वेफर्डचे रान. सॉमरसेट परगण्यात क्रूकर्नजवळ हे सुंदर, खासगी विश्वस्तांच्या देखरेखीखालचे रान आहे. तेथे झाडांच्या मुळाशी कोणी एक-दोन दारे बसवली. मुले आली, परीला चिठ्ठ्या लिहू लागली. मग इतरांनी दारे आणली, आणि वाढता वाढता ती दोनशेच्या घरात गेली. दुकानातून घेतलेली भडक दारे, चकाकणारे खांब, रंगीत झोपाळे, परीचा दवाखाना आणि परीचे उपाहारगृह! २०१५ मध्ये विश्वस्तांना जाहीर करावे लागले की आता परीवस्तीला आळा घालणे भाग आहे. वर्तमानपत्रांनी त्यांची थट्टा केली. मी त्यांच्या बाजूची आहे. दोन दारांचे रान असते, दोनशे दारांचे दुकान होते. रानात दार दिसल्यावर मूल थबकते. पावलापावलावर दार असेल तर ते चालू लागते, आणि शेवटी आईला आइसक्रीम मागते.

म्हणजे पाहा, मॅकवर्थची काटक्यांची वस्ती आणि वेफर्डचे रंगीत नगर या दोन्ही लोकांनीच उभारलेल्या गोष्टी. दोन्ही ठिकाणी हौस तीच, प्रेम तेच. फरक कोठे पडला? पहिल्या ठिकाणी मूल बांधते. दुसऱ्या ठिकाणी मोठी माणसे विकत आणतात, खिळे ठोकतात आणि मुलाला म्हणतात, ‘बघ!’ 

आणि येथेच मला माझ्या विद्यार्थिनीची तुलना का खटकली ते कळले.

आपला किल्ला बघा. सहामाही परीक्षा आटोपली की पोरे विटांचे तुकडे, दगड, गोणपाट गोळा करतात. चिखलात भिजवलेले गोणपाट दगडांवर पसरायचे, वर लाल माती लिंपायची, मोहरी नाहीतर हळीव पेरायचे, की चार दिवसांत डोंगर हिरवा. आरशाचा तुकडा पुरला की तळे. पुठ्ठ्याची नळी घातली की भुयार. कुंभारवाड्यातून आणलेले मावळे दरवाजाहून उंच, वाघ मावळ्याहून मोठा, पायथ्याशी गवळण आणि तिच्या शेजारी बिनदिक्कत एक मोटार. आणि सर्वांत वर सिंहासनावर महाराज. किल्ला रिकामा चालत नाही. महाराज बसले नाहीत तोवर तो मातीचा ढीग. ते बसले की प्रतापगड. परीच्या घराचा सारा जीव तिच्या नसण्यात आहे आणि किल्ल्याचा सारा जीव त्यांच्या असण्यात. वरवर पाहता या दोन कलांचे अगदी वैर आहे.

पण एका गोष्टीत किल्ला त्या बागांतल्या बहुतेक परीवाटांना हरवतो. परीवाटेत मोठे करतात आणि मुले पाहतात. किल्ला मुले करतात आणि पाहायला मोठे येतात. शेजारचे काका पाठीमागे हात बांधून वाकतात आणि गंभीरपणे विचारतात, ‘कोणता हो हा?’ पोरगा छाती पुढे काढून सांगतो. त्या क्षणी तो लेखक आहे आणि काका वाचक. वर्षातले बाकीचे तीनशे साठ दिवस याच्या उलट चाललेले असते. मॅकवर्थच्या झाडाखाली फतकल मारून बसलेली ती चिखलाची पोर किल्लेवाल्यांच्या बिरादरीतली होती. आईने बरोबर ओळखले होते, माझेच चुकले.

दिवाळीच्या तोंडावर बाजारात आता प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात. दरवाजे सरळ, बुरूज सारखे, रंग पक्का. परवडतात, पसारा होत नाही, सोसायटीच्या जिन्यात चिखल सांडत नाही. घेणाऱ्या आईबापांना मी नावे ठेवणार नाही. दोघेही दिवसभर बाहेर असतात आणि अंगण कोणाजवळ उरले आहे? हल्ली काही बागांतून आणि सहलीच्या ठिकाणी सिमेंटची लाल ठिपक्यांची छत्रीघरेही उभी दिसतात. आत डोकावले तर कोणीतरी टाकलेली वेफर्सची पिशवी असते. याविषयी अधिक काय लिहावे!

दुसऱ्यांना बोलण्याआधी माझा एक गुन्हा सांगते. काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होते, तेथे किल्ल्यांची स्पर्धा लागली. माझ्या वर्गाने राजगड घेतला. पोरांनी आपल्या मनाने एक गोल ढिगारा केला होता आणि त्याला चारी बाजूंनी जिने काढले होते. मी नकाशा घेऊन गेले. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या कोठे, मधला बालेकिल्ला केवढा, पाली दरवाजा कोणत्या अंगाला, सगळे समजावले. समजावता समजावता माझेच हात मातीत गेले. दोन दिवसांनी राजगड असा झाला की परीक्षकांनी त्याचे छायाचित्र काढून नेले. पहिला क्रमांक आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या मी वाजवायला सांगितल्यावर.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत किल्ल्यापाशी कोणी नव्हते. मी शोधत मागच्या अंगाला गेले. नळाच्या चिखलापाशी तिघे-चौघे उकिडवे बसले होते. उरलेल्या विटांचे तुकडे, शेवग्याची शेंग, बाटलीचे बूच. किल्ला नव्हता, घर म्हणावे तर तसेही नव्हते. एक वाट होती, ती कौलाच्या तुकड्याखाली जात होती आणि तेथे अंधार होता.

‘हे कोणाचे रे?’ मी विचारले.

‘ते अजून आले नाहीत,’ एकाने वर न पाहता सांगितले.

मी जवळ जाऊन वाकू लागले, तशी दुसरी चटकन म्हणाली, ‘बाई, पाय मागे घ्या. तुम्ही त्यांच्या रस्त्यावर उभ्या आहात.’